चढणाऱ्या वेलीला खोड हवं

नर्सरीत जाऊन फिलोडेंड्रॉन मागितलं की बहुधा दोनपैकी एक कुंडी पुढे येते. एक हृदयाच्या आकाराच्या गडद हिरव्या पानांची, जिला नर्सरीवाले ‘ऑक्सीकार्डियम’ म्हणतात. दुसरी पोपटी-पिवळ्या लांबट पानांची ‘सिलोन गोल्ड’, जी हल्ली सोसायट्यांच्या कुंपणाकडेने ओळीने लावलेली दिसते. कुंडीसोबत तोंडी सूचना मिळते: कडक ऊन नको, पाणी बेताने, बाकी काही करावं लागत नाही. या सूचनेत खोटं काही नाही. घरी आल्यावर वेल कपाटावर किंवा टांगत्या कुंडीत जाते, तिचे शेंडे खाली लोंबू लागतात आणि काही वर्षांनी बहुतेक घरांत सारखंच चित्र दिसतं. वीतभर अंतरावर एकेक पान, मधली कांडी उघडी, कुंडीच्या तोंडाशी चार पिवळी पानं. मग कुणी पाणी वाढवतं, कुणी खत घालतं, कुणी कुंडी बदलतं. यांतल्या कशानेही फारसा फरक पडत नाही, कारण उणीव पाण्याची नसते, खताची नसते आणि कुंडीचीही नसते. ही वेल मुळात झाडाच्या खोडावर राहणारी आहे. आपण तिला माती दिली, खोड दिलंच नाही. या वेलीची काळजी घेणं म्हणजे आधी तिच्या खोडाची सोय करणं, आणि पाणी, माती, उजेड, खत यांचे प्रश्न त्या सोयीच्या मागोमाग सुटतात, असं या प्रकरणाचं म्हणणं आहे.

फिलोडेंड्रॉन हा वंश वेगळा काढला तो व्हिएन्नाच्या शोनब्रुन राजवाड्यातल्या बागांचं काम पाहणाऱ्या हाइनरिश शॉट या वनस्पतिशास्त्रज्ञाने, १८२९ साली. या वंशात सुमारे पाचशे जाती मोजल्या जातात आणि त्या सगळ्या अमेरिका खंडातल्या: मेक्सिकोपासून अर्जेंटिनाच्या उत्तर भागापर्यंत, शिवाय कॅरिबियन बेटांवर. आपल्या घरातली हृदयाकृती पानांची वेल म्हणजे ‘फिलोडेंड्रॉन हेडरेसियम’. तिच्या नावांचा इतिहास पाहण्यासारखा आहे. ऑक्सीकार्डियम, स्कँडेन्स, मायकन्स अशा वेगवेगळ्या नावांनी जिची नोंद झाली ती एकच जात निघाली. मिसूरी बोटॅनिकल गार्डनचे थॉमस क्रोएट यांनी १९९७ मध्ये मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतल्या फिलोडेंड्रॉनांची फेरमांडणी केली, तीत या नावांचा हिशेब लागला. इतकी नावं पडण्याचं एक कारण असं की कोवळेपणी ही वेल एक दिसते आणि प्रौढ झाल्यावर दुसरीच. कोवळं पान तळहातात मावतं, काही प्रकारांत त्यावर मखमली झाक असते. झाडावर उंच चढलेल्या वेलीचं पान तीस सेंटिमीटरच्या पुढे जातं, ती झाक गेलेली असते आणि देठही लांबलचक होतो. आपण दिवाणखान्यात जे पाहतो ते या वनस्पतीचं बालपण आहे, आणि टांगत्या कुंडीत ते कधी संपत नाही.

बालपण संपतं केव्हा, याचं उत्तर जंगलाच्या जमिनीवर मिळतं. १९७५ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात डोनाल्ड स्ट्राँग आणि थॉमस रे यांचा कोस्टा रिकातल्या एका मॉन्स्टेराबद्दलचा लेख आला. मॉन्स्टेरा फिलोडेंड्रॉनच्याच कुळातली, तशीच चढणारी वेल. तिचं बी जमिनीवर रुजतं आणि रोप सरपटू लागतं. सगळी रोपं उजेडाकडे वळतात हे आपण शाळेत शिकलो. हे रोप मात्र आसपासच्या सर्वांत काळोख्या बाजूला निघतं. जंगलात ती काळोखी बाजू म्हणजे बहुधा जवळच्या जाड झाडाचं खोड. खोड जितकं जाड, तितकं ते लांबून रोपाला खेचतं. खोडाला टेकल्यावर रोपाचा स्वभाव पालटतो आणि ते उजेडाच्या दिशेने वर चढायला लागतं. (याच रे यांनी पुढे संगणकाच्या स्मृतीत आपोआप उत्क्रांत होणाऱ्या आज्ञावली तयार करून वेगळंच नाव कमावलं.) रे यांनी नंतर सिंगोनियमवरही काम केलं, तीच सिंगोनियम जी आपल्याकडे कार्यालयांच्या खिडक्यांत सर्रास असते. वेल चढत असते तोवर प्रत्येक पेराला खोड थोडं जाड होतं, पान थोडं मोठं होतं. आधार सुटून वेल खाली लोंबू लागली की क्रम उलटतो: कांडी लांब आणि बारीक, पानं लहान, आणि लहान होत होत शेवटी नुसती दोरी जमिनीला टेकून दुसरं झाड शोधायला निघते.

कपाटावरून लोंबणाऱ्या आपल्या फिलोडेंड्रॉनकडे आता पुन्हा पाहावं. महिन्याला हातभर लांबी वाढते, म्हणून घरचे खूश असतात, ‘झाड मानवलं’ म्हणतात. पण लांब कांडी आणि बारकी पानं ही त्या वेलीच्या भाषेत शोधाची खूण आहे. साठवलेलं अन्न ती पान मोठं करण्यात घालत नाही, अंतर कापण्यात घालते, कारण पुढच्या पेराला तरी खोड लागेल या हिशेबावर तिची सगळी बांधणी झालेली आहे. दिवाणखान्यात ते कधीच लागत नाही. वाढ आणि समृद्धी यांत इथे फरक करावा लागतो, आणि तो फुटपट्टीने कळतो: दोन पेरांमधलं अंतर दर पानागणिक वाढत असेल आणि पान लहान होत असेल, तर वेल भटकते आहे.

हे परदेशी जंगलातलं झालं म्हणून कुणी सोडून देईल, तर पुरावा आपल्या आवारातच आहे. मनी प्लांट फिलोडेंड्रॉन नव्हे. तो त्याच कुळातला, पण प्रशांत महासागरातल्या मोऑरेआ बेटाकडचा. (दोघांतला फरक ओळखायचा तर नव्या पानाकडे पाहावं. फिलोडेंड्रॉनचं नवं पान एका पातळ वेगळ्या आवरणातून बाहेर येतं, ते आवरण नंतर वाळून गळतं. मनी प्लांटचं नवं पान आधीच्या पानाच्या देठातून उलगडतं.) बाटलीतल्या मनी प्लांटचं पान तळहाताहून लहान. तोच मनी प्लांट मुंबईत किंवा कोकणात कुणाच्या आंब्यावर, नारळावर चढला की हातभर लांबीची, फाटल्यासारखी चिरलेली पानं काढतो, आणि ती त्याचीच आहेत यावर पाहणाऱ्याचा विश्वास बसत नाही. मिरीचं कूळ वेगळं आहे, पण सुपारीच्या बागेत मिरी लावणाऱ्याला हा भेद तोंडपाठ असतो. खोडाला धरून चढणारी फूट उत्पन्न देते. आधार सुटून लोंबणारी फूट देत नाही आणि जमिनीवर सरपटणारी फूट रोपं करायला उपयोगी पडते.

इथे एक आक्षेप रास्त आहे. झाडावर उंच गेलं की उजेड वाढतो; मग पान मोठं होतं ते उजेडामुळे, चढण्याचा त्यात काय संबंध? घरातही खिडकीजवळ नेऊन ठेवली की काम भागेल. उजेडाचा वाटा आहे, यात वाद नाही. पण त्याच आंब्यावरचा मनी प्लांट नीट पाहिला तर आक्षेपाची धार बोथट होते. फांदीवरून सुटून बाहेरच्या बाजूला लोंबणाऱ्या दोऱ्या उघड्यावर असतात, त्यांना खोडाची सावलीही नसते. तरी त्यांची पानं बारकी, आणि दोन हात पलीकडे सावलीत खोडाला चिकटलेली पानं ताटाएवढी. वेल तीच, मूळ तेच, पाऊस तोच. उजेडाने फरक पडतो, पण आधार नसताना तो उजेडही वेलीला प्रौढ करू शकत नाही. कुणी असंही म्हणेल की खोडाला चिकटलेल्या मुळांतून जादा पाणी मिळतं म्हणून पान मोठं होतं. तो भागही खरा असावा, आणि खरा असेल तर आधार नुसता उभा असून चालणार नाही, ओलाही हवा, एवढंच त्यातून सिद्ध होतं.

दुसरा आक्षेप चवीचा आहे. लोंबती वेलच सुंदर दिसते, वर्षानुवर्षं जगते, मग तिला प्रौढ कशाला करायची? त्याला उत्तर देण्याचं कारण नाही. ज्याला लोंबती आवडते त्याने लोंबतीच ठेवावी. फक्त दर सहा महिन्यांनी शेंडे छाटून तेच तुकडे पुन्हा कुंडीत खोचावेत, म्हणजे तोंडाशी टक्कल पडणार नाही. आणि नर्सरीत फिलोडेंड्रॉन म्हणून मिळणाऱ्या ‘सेलम’ आणि ‘झनाडू’ यांना तर हे प्रकरण लागूच नाही. ती झुडपासारखी वाढतात, आणि २०१८ मध्ये त्यांना शास्त्रज्ञांनी फिलोडेंड्रॉनमधून काढून वेगळ्या वंशात घातलंही आहे.

खोड द्यायचं म्हणजे काय द्यायचं? नर्सरीत ‘मॉस स्टिक’ नावाने जे विकतात त्यात मॉस क्वचितच असतं. प्लास्टिकच्या नळीवर काथ्या गुंडाळलेला असतो. तो आणून कुंडीत रोवला, वेल सुतळीने बांधली आणि वर्षभराने सुतळी सोडली तर वेल बऱ्याचदा जशीच्या तशी खाली पडते. मुळांनी काठी धरलेलीच नसते. कारण जवळून पाहिलं तर दिसतं. पान जिथे फुटतं त्या पेराच्या मागच्या अंगाला तांदळाच्या दाण्याएवढे तपकिरी उंचवटे असतात. ती थांबून राहिलेली हवाई मुळं. ती दोन प्रकारची होतात. आखूड मुळं आधाराला आडवी कवटाळतात, आणि लांब मुळं सरळ खाली मातीच्या दिशेने जातात. पहिल्या प्रकारचं मूळ ज्या बाजूने आधाराला टेकतं त्या बाजूने त्याला बारीक लव फुटते आणि ती सालीच्या खाचांत शिरते. कोरड्या, गुळगुळीत, हलणाऱ्या वस्तूवर यातलं काही होत नाही; उंचवटा तसाच वाळून जातो. म्हणून आधाराला तीन गुण लागतात: तो खरखरीत हवा, हलता कामा नये आणि ओल धरणारा हवा. काथ्याची काठी हे तिन्ही करू शकते, पण ती रोज ओली ठेवली तरच. त्यापेक्षा रंधा न मारलेली लाकडी फळी पुष्कळ सोपी. बांधायचं ते पेराच्या जरा खाली, वेलीच्या खोडाला. पानाचा देठ कधीही बांधू नये, कारण पान उजेडाप्रमाणे वळतं आणि त्याला वळायला जागा लागते. पेराची मुळांची बाजू फळीला टेकली पाहिजे. उलटी बांधलेली वेल मुळं हवेत सोडते आणि बांधणारा म्हणतो, हे झाड चढत नाही. भिंतीवरच चढवली तर चालेल का, असं पुष्कळ जण विचारतात. चालेल, पण काढताना मुळांबरोबर रंगाचे पोपडे निघतात, हे घरमालकाला आधी सांगून ठेवावं.

पाण्याचा गोंधळही खोडावरच सुटतो. पाऊस भरपूर पडणाऱ्या जंगलातली वेल घरात जास्त पाण्याने का मरते, हे कोडं वाटतं. खोडावर पाणी येतं तेव्हा धो धो येतं, आणि पाऊस थांबला की थोड्या वेळात ओघळून जातं. मागे ओली साल आणि भरपूर हवा उरते. कुंडीत उलट घडतं. रोज पेलाभर पाणी घातलं की वरची माती कोरडी दिसते आणि तळाची चिखल होते. मुळं श्वास घेतात, आणि पाण्यातून प्राणवायू हवेच्या तुलनेत सुमारे दहा हजार पट सावकाश पसरतो. चिखलातलं मूळ आधी गुदमरतं, मग त्यावर बुरशीसारखे जीव चढतात आणि ते कुजतं. कुजलेलं मूळ पाणी ओढू शकत नाही म्हणून पान मलूल होतं, आणि मलूल पान पाहून आपण आणखी पाणी घालतो. घरातली बहुतेक फिलोडेंड्रॉनं या फेऱ्यात जातात. तेव्हा पाणी घालायचं ते काठीच्या किंवा फळीच्या वरच्या टोकापासून सावकाश ओघळू द्यावं, कुंडीच्या तळातून निघेपर्यंत घालावं, आणि बशीत साचलेलं ओतून टाकावं. पुढचं पाणी बोटाची दोन पेरं मातीत घातल्यावर कोरडं लागेल तेव्हा. वाराचा हिशेब इथे उपयोगाचा नाही, कारण एप्रिलमधल्या नागपुरात जी कुंडी दोन दिवसांत सुकते तीच जुलैत मुंबईत आठवडा उलटला तरी ओली असते. पहाटे पानाच्या टोकाला पाण्याचा थेंब दिसला तर घाबरू नये. रात्री मुळांचा दाब वाढला की पान जादा पाणी असं बाहेर टाकतं, आणि अळूच्या पानावरही हे दिसतं.

मातीचं सूत्र यातूनच निघतं. निम्मा वाटा भरड असावा: विटांचे बारीक तुकडे, लाकडी कोळसा, नारळाच्या सोडणाचे तुकडे, जे हाताशी असेल ते. उरलेल्या निम्म्यात माती, कोकोपीट आणि गांडूळखत. नुसत्या लाल मातीत ही वेल लावणं म्हणजे तिला विटेत गाडणं. खत पातळ आणि पुन्हा पुन्हा, कारण जंगलातही तिला सालीवरून वाहून आलेलं पातळ पाणीच मिळतं. १९:१९:१९ असेल तर लिटरला अर्धा ग्रॅम, वाढीच्या काळात पंधरवड्याने. बोअरच्या जड पाण्याने पानांची टोकं करपत असतील तर महिन्यातून एकदा नुसत्या पाण्याने माती धुऊन काढावी.

उजेडाबाबत ‘कमी उजेडात चालतं’ हे वाक्य फार नुकसान करतं. दाट वर्षावनाच्या जमिनीवर बाहेरच्या उजेडाचा शेकडा एक-दोन हिस्सा पोचतो आणि वेल तिथे तग धरते, हे खरं. पण ती तिथे राहायला गेलेली नसते, तिथून निघालेली असते. भर दुपारी उघड्यावर एक लाख लक्सच्या आसपास उजेड असतो, आणि खोलीच्या मध्यावर बऱ्याचदा दोनशेही भरत नाही. आपल्या डोळ्यांना हा फरक जाणवत नाही कारण बाहुली लगेच मोठी होते. पानाला बाहुली नाही. पूर्वेची खिडकी उत्तम, किंवा दक्षिण-पश्चिमेच्या खिडकीपासून दोन-तीन हात आत, पडद्याआड. सरळ दुपारचं ऊन पानावर करपलेले चट्टे पाडतं. थंडी तिला सोसत नाही; नाशिक-निफाडच्या कडाक्याच्या रात्रीत बाल्कनीतून आत घ्यावी. अमेरिकेत किंवा कॅनडात राहणाऱ्यांच्या घरी अडचण थंडीपेक्षा हीटरच्या कोरड्या हवेची असते, आणि तिथे ओला आधार आणखी मोलाचा. पिठ्या ढेकूण दिसले तर कापसाच्या बोळ्याने पुसून निंबोळी तेलाची फवारणी करावी, एवढं पुरतं.

हवा शुद्ध करते म्हणून ही वेल विकत घेणाऱ्यांसाठी एक खुलासा. ती ख्याती १९८९ च्या नासाच्या प्रयोगातून आली, आणि तो प्रयोग लहान बंद पेट्यांमध्ये झाला होता. २०१९ मध्ये कमिंग्ज आणि वॉरिंग यांनी अशा प्रयोगांची आकडेमोड पुन्हा केली. खिडक्या-दारांतून एरवी जेवढी हवा बदलते तेवढं काम झाडांकडून करवून घ्यायचं तर दर चौरस मीटरला दहापासून हजारपर्यंत कुंड्या लागतील, असं त्यांनी दाखवलं. खिडकी उघडावी. दुसरा खुलासा जास्त महत्त्वाचा आहे. ही वेल अळू, सुरण आणि शेवळांच्या कुळातली आहे, आणि तिच्या पानादेठांत त्यांच्यासारखेच कॅल्शियम ऑक्झॅलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. अळवाला चिंच आणि शेवळांना काकडं का लागतात हे ज्या घरात माहीत आहे, तिथे जास्त सांगायला नको. रांगतं मूल किंवा पान चावणारं मांजर-कुत्रं असेल तर तोंड आणि घसा सुजू शकतो. म्हणजे हाताशी लोंबणाऱ्या वेलीपेक्षा वर चढलेली वेल इथेही बरी.

जागा नसल्याची तक्रार शेवटी येतेच: छताला टेकल्यावर काय? तेव्हा वरचे तीन-चार पेरांचे तुकडे मुळांसकट कापून दुसऱ्या फळीच्या पायथ्याशी लावावेत. जाड खोडाचा तुकडा बारीक तुकड्यापेक्षा मोठ्या पानाने सुरुवात करतो, तेव्हा कापताना शेंड्याकडचाच भाग घ्यावा. खाली उरलेल्या भागालाही डोळे फुटतात. आणि घरात आधीच लोंबणारी वेल असेल तर तीही याच कामाला येते. तिचे दोन-दोन पेरांचे तुकडे करून पाण्यात मुळं फुटू द्यावीत आणि चार-पाच तुकडे एकाच फळीभोवती लावावेत. हे काम जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात करा. हवा दमट असते, फळी आपोआप ओली राहते आणि सप्टेंबर संपेपर्यंत मुळं लाकूड धरतात. ऑक्टोबरच्या उन्हात बांधायला घेतलीत तर रोज सकाळी फळीवर पाणी मारण्याची तयारी ठेवा.